ठकीच्या उंचीवरून

४ फेब्रुवारी

सुनावणीला बारा दिवस. पुठ्ठ्यावर चार ओळी लिहिल्या — यमक साधलं होतं, अक्षरंही देखणी उतरली. सूनबाईने वाचल्या. "बाबा, कविता वाचून कुणी रस्ता बदलत नाही." खरं आहे. पण चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, दुसरं येतं काय मला!

रस्ते समितीला पटवायचं ते एवढंच : त्या वळणावर गतिरोधक हवा, आणि अपघाताच्या अहवालातलं एक वाक्य खोडायला हवं. 'मुलगी न बघता धावत आली.' माझी नात. ठकी. सात वर्षांची. रस्ता ओलांडताना दोनदा मान वळवायची — मीच शिकवलं होतं, तालावर, शाळेतल्या कवितेसारखं.

६ फेब्रुवारी

समितीला दाखवायच्या वळणाच्या नकाशाच्या रंगावरून वाद. मुलगा म्हणतो, "सगळं लालभडक करा, डोळ्यात खुपलं पाहिजे." सगळंच लाल केलं तर लाल उरतं कुठे? पांढरा कागद, काळ्या रेघा, लाल एकाच ठिकाणी. जिथे ती पडली तिथे.

सूनबाईने फोटो पुढे केला. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. नको म्हणालो. फोटो पाहून साहेब लोक माना खाली घालतील, आणि मान खाली घातली की नकाशा दिसत नाही. "तुम्हाला काळीज आहे की नुसता ब्रश?" म्हणाली आणि उठून गेली. जेवली नाही.

७ फेब्रुवारी

तिने फोटो उलटा ठेवला होता. सुलटा केला.

९ फेब्रुवारी

सुचलं! आमचे कवितेचे गुरुजी म्हणायचे — कविता म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन बसणं. समितीची पाहणी उंच्यापुऱ्या माणसांनी केली; म्हणे 'दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात.' आपण ते वळण ठकीच्या उंचीवरून काढायचं!

दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची शेवटची पेन्सिलची खूण आहे. सूनबाईने स्वतः सुतळी धरली, डोळे यायचे तिथे गाठ मारली. किती दिवसांनी अशी शेजारी उभी राहिली.

१० फेब्रुवारी

सकाळी स्टूल घेऊन वळणावर गेलो. सुतळीची गाठ डोळ्यांशी येईपर्यंत वाकून बसलो.

निळं. नुसतं निळं. ट्रकचा आवाज आला, ट्रक दिसलाच नाही. उभा राहिलो — रस्ता लांबवर मोकळा. पुन्हा बसलो — निळं.

गादीवाल्याची पाटी.

११ फेब्रुवारी

वीस वर्षं झाली. गादीवाला म्हणत होता, छपरावर लावू. मी हसलो होतो — "शेठ, उंचावरची पाटी कावळे वाचतात! माणसाच्या छातीशी हवी." फुटपाथच्या कडेचे खांब मीच कापून आखूड करून घेतले. निळ्यावर चंद्र, चंद्राखाली निजल्यासारखी अक्षरं. तसं निळं पुन्हा कधी जमलं नाही. ठकीला मिरवत दाखवायचो. "ही कुणी काढली?" — "आमच्या आजोबांनी!"

१३ फेब्रुवारी

"बाबा, तिथे बसून काय दिसलं?" सूनबाईने विचारलं. "अजून नीट उतरलं नाही," म्हणालो. सुतळी अजून खिशातच आहे.

मुलगा म्हणाला, "जाऊ द्या, साधा नकाशाच नेऊ." साधा नेला तर ते वाक्य जिथल्या तिथे राहील. न बघता धावत आली.

बघितलं होतं तिने. दोनदा.

१५ फेब्रुवारी

उद्या सुनावणी. चित्र पुरं झालं. लाल लागलंच नाही. पुठ्ठाभर निळं, वर बोटभर आभाळ. खाली उजव्या कोपऱ्यात, मूळ पाटीवर आहे तिथेच, माझी सही काढली — समितीला लांबून वाचता येईल एवढी मोठी.

सूनबाई मागेच उभी होती.