शिट्टी देत्यात का?

मंगळवार, संध्याकाळ

मामा आज जयसिंगपूरहून आला आणि चप्पल काढता काढताच नेहमीचं विचारलं, "काय सिक्युरिटी, शिट्टी देत्यात का न्हाय?"

कॉलेजात अंतर्गत सुरक्षा हा विषय घेतल्यापासून हेच चाललंय. आमच्या घरात सिक्युरिटी म्हणजे अपार्टमेंटच्या गेटवरचा वॉचमन. दरवेळी मी समजावत बसायचे. सीमा, गुप्तवार्ता, सायबर गुन्हे, पुरातून माणसं बाहेर कशी काढतात तेसुद्धा. मामा सगळं ऐकून घ्यायचा आणि परत शिट्टीवरच यायचा. मग सगळे हसायचे. मीही.

दुपारी राजारामपुरीत मुलाखत होती. जाहिरातीत 'सुरक्षा अधिकारी' असं होतं. साहेबांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. उंची विचारली, आणि दिवसभर उभं राहता येईल का ते. मॉलच्या दारात बायकांच्या पर्सा तपासायच्या. सोमवारपासून या म्हणाले. राग यायला हवा होता ना? आला नाही. 'हो सर' म्हटलं, युनिफॉर्मची पिशवी घेतली आणि घरी आले. आत्ताही काही वाटत नाहीये.

मामानं परत विचारलं, "सांग की, शिट्टी देत्यात का न्हाय?"

"व्हय, देत्यात की," मी म्हटलं, आणि पिशवीतनं काढून त्याच्या हातावर ठेवली.

कुणीच हसलं नाही. मामानं शिट्टी उलटीसुलटी करून बघितली. मग खाली बघत म्हणाला, "चांगली हाय. स्टीलची हाय."