व्याह्यांच्या खाटेवर तीन दिवस

ता. कळंब, सोमवार

देवीलालजी व्याही यांना पुंडलिकचा नमस्कार पोचावा. विहीणबाई बसंतीबाई, तुमच्या मातोश्री धनीबाई, संजय अन् गोठ्यातली जनावरं सारे मजेत असतील असं धरून चालतो. आमची खुशाली लिहिण्यासारखी नाही, तरी श्वास चालू आहे. (हा चौथा कागद. पहिल्यावर नुसतं 'देवीलाल' लिहिलं, ते उघडं-नागडं वाटलं. दुसऱ्यावर 'साहेब' लिहिलं, तं आमची शकुबाई म्हणे, टोमणा वाटते. तिसऱ्यावर 'व्याही' लिहाले पेन चालेना. शेवटी ती म्हणे का लग्नाले दोन वर्षं झाली, पोरीले सातवा महिना लागला, आता कोणाले नाही म्हणता, लिहा.)

तं पत्र लिहाचं कारण तुमचा पाहुणचार. पण खरं सांगाचं म्हणजे मी पाहुणा म्हणून आलोच नव्हतो. समीक्षानं तुमच्या संजयसोबत कोर्टात लग्न केलं, तवा मी तिले चार लोकांसमोर म्हटलं होतं का हे घर आता तुह्यं नाही. तवापासून माह्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. आता पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाह्यजे म्हणून शकुबाईनं मले जेवू देणं मुश्कील केलं, तवा मी निघालो, पण अटी घालून निघालो. अंगणातच उभं राहीन, पाण्याले हात लावणार नाही, चारच्या एस.टी.नं पोरीले घेऊन परत. बोलाचं काय ते एस.टी.त बसल्या बसल्या पाठ केलं. (बाजूच्या बाईले वाटलं मी स्तोत्र म्हणून राह्यलो. तिनं दोनदा हात जोडले.)

पुढचं तुमाले माहीतच आहे, पण तुमाले ते उलटं माहीत आहे, म्हणून लिहितो. मी तुमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात आलो, तुमच्या अंगणात उभा राह्यलो, छाती काढली, 'माही पोरगी' इतकं म्हटलं, अन् तुमच्या बकरीनं माह्या पिशवीचं टोक धरलं. आत शकुबाईनं पोरीसाठी दिलेली हिरवी साडी होती. मी पिशवी ओढाले वाकलो अन् कंबर तिथंच धरली. ना खाली, ना वर. उरलेलं सारं मी तुमच्या चपलेकडं पाहून बोललो अन् तुमाले काहीच ऐकू गेलं नाही. तुमी धावत आले, माहे खांदे धरले अन् म्हणाले, "व्याही, पाया कायले पडता, तुमी मोठे आहा." साऱ्या तांड्यानं ते पाह्यलं. दोन बायांनी डोळ्याले पदर लावला. देवीलालजी, मी पाया पडत नव्हतो. पण त्या अवस्थेतला माणूस हे कसं सांगेल?

मंग तुमी मले ओसरीतल्या खाटेवर टाकलं. दुपारपर्यंत मी पाणी घेतलं नाही. बसंतीबाईनं आग्रह केला नाही, तांब्या उशाशी ठेवला अन् आत गेल्या. कोणी नाही पाहून मी तो उभ्यानं नाही तं आडव्यानंच रिकामा केला. (ती बकरी पाहत होती.) संध्याकाळी ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी आली. भाकरी किती खाल्ल्या ते इथं लिहीत नाही, कारण हे पत्र शकुबाई वाचणार आहे.

धनीबाईनं मोहाचं तेल गरम करून माह्या पाठीवर पाय दिला. ऐंशी वर्षांच्या बाईचा पाय इतका भारी असते हे मले माहीत नव्हतं. त्या तुमच्या गोरबोलीत काहीतरी बोलल्या अन् समीक्षा हासली. मी विचारलं तं म्हणे, "आजी म्हणते, पाठ ठीक आहे, आत हेका अडकला आहे." मंग ती बसंतीबाईले 'याडी, याडी' करत चुलीपाशी गेली अन् दोघी किती वेळ बोलत राह्यल्या. याडी म्हणजे आई, इतकं मले समजलं. बाकी एक शब्द समजला नाही. माही पोरगी माह्यापासून पाच हातांवर हासून राह्यली अन् मले समजत नाही का कायले हासते. तुमच्या घरी मले कशाचीच कमी पडली नाही, देवीलालजी, पण ते ऐकणं लय जड गेलं.

तिसऱ्या दिवशी तुमी मोटारसायकल काढली, मी मांग बसलो. समीक्षा चहाचा कप घ्याले आली, तवा मी विचारलं, येतं का घरी. ती खाली पाहून म्हणाली, "बाबा, दोन वर्षं नाही विचारलं. तीन दिवस इथं पडून होते, तवाबी नाही विचारलं. आता गाडी सुरू झाल्यावर काहून विचारता?" मी कप तिच्या हाती दिला. तुमी घाटंजीच्या स्टँडपर्यंत एक शब्द बोलले नाही, त्याचा उपकार सगळ्यात मोठा.

इथं घरी येऊन शकुबाईले मी सांगतलं का पोरगी सुखात आहे. ती म्हणे, मंग तोंड असं काहून. मी कपाशी पाहाले जातो म्हणून निघालो अन् बांधावर बसून राह्यलो.

आपला,
पुंडलिक

ता. क. शकुबाईनं पत्र वाचलं. म्हणे, पाच भाकरी खाल्ल्या असतील, चेहऱ्यावरच दिसते. अन् आभार कुठंच लिहिले नाही. तं लिहितो, आभार.

ता. क. दुसरं. हे शकुबाईले न दाखवता पाकिटात टाकून राह्यलो. माही पाठ दुसऱ्या दिवशी सकाळीच मोकळी झालती. बाकीचा वेळ मी उगाच कण्हत पडलो. समीक्षा दर दोन घंट्यांनी तेल लावाले येऊन बसत होती, म्हणून. हे तिले तुमी सांगा. मी सांगतो म्हटलं, तं ती माहा फोन उचलत नाही.