नऊ गैरहजर

ऐन लूज,
१४ नोव्हेंबर १९९८

चि. लसअद यास मन्नूबिया आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

मुलांची वाचनपरीक्षा घ्यायला तू धाडलेली माणसं परवा शाळेत येऊन गेली. ट्यूनिसची पोरं, डोंगर चढून येईस्तोवर तोंडं उतरलेली. माझा कुसकुस पोटात गेल्यावर माणसात आली. आमच्या बावीस मुलांनी धडाधड वाचून दाखवलं. नऊ जण जैतुनाच्या तोडणीला गेले होते, त्याला इलाज नाही. भाच्याच्या संशोधनात आत्याच्या शाळेचं नाक कापलं जाऊ नये, एवढं मी पाहिलं.

आता लग्नाचं तेवढं मनावर घे. वहिनी माझ्यापाशी रडते आणि मला तिच्यासोबत रडावं लागतं. लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.

मन्नूबिया आत्या


ट्यूनिस,
२० जानेवारी १९९९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझी शाळा जिल्ह्यात पहिली आली. गरीब गावातली मुलंही शहराच्या तोडीचं शिकतात, हे आता मला निबंधात आकड्यांनिशी म्हणता येतं. आमचे प्राध्यापक कधी हसत नाहीत, ते हसले. जुलैत तो निबंध मी परिषदेत वाचणार आहे.

वाचनात मागे पडलेल्या शाळांना मंत्रालय आमच्या यादीवरून एकेक जादा शिक्षक देणार आहे. तुला अर्थातच गरज नाही. दुसरा कुणी आला तर आत्या त्यालाच बाकावर बसवून धडा वाचायला लावील, असं सांगून मी इथे सगळ्यांना हसवलं. लग्नाचा विषय निबंधानंतर. माया आहे तशीच राहू दे.

तुझा लसअद


ऐन लूज,
२ फेब्रुवारी १९९९

चि. लसअद यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. जादा शिक्षकाचं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण म्हणून मी सुटत नाही. त्या नऊ जणांना मीच तोडणीला पाठवलं होतं. वर्गात वाचता न येणारे तेवढेच आहेत.

त्यांतली हनिया तरीही आली होती, शाळेचा एप्रन धुऊन, घालून. मी तिला फाटकावरच गाठलं आणि आज वाचता येणाऱ्यांचीच शाळा आहे, असं सांगितलं. नऊ वर्षांची पोर, आल्या वाटेनं परत गेली. काल तिचा बाप नाव काढायला आला. म्हणाला, बाईंनीच तिला घरी धाडलं, मग आम्ही शाळेत कशाला बसवायची, आईजवळ गालिचे विणायला तरी शिकेल. मला मान वर करवली नाही. तीस वर्षांची मास्तरकी मी तुझ्यापुढे मिरवण्यासाठी मातीत घातली.

माझं नाव घालून सगळं लिही, पण तो शिक्षक आमच्याकडे पाठव. लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही.

आत्या


ट्यूनिस,
११ फेब्रुवारी १९९९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुला बोल लावायचा अधिकार मला नाही. ते नऊ कोण, हे मला डिसेंबरातच कळलं होतं. मागच्या वर्षीचे गुण माझ्यापाशी होते आणि नऊही जण तळाचे. तोडणी अशी नेमकी निवडून पोरं नेत नाही, हे कुणालाही कळेल. त्यांना धरलं की माझा निष्कर्ष कोसळत होता. मी ‘गैरहजर’ असं लिहून पान उलटलं आणि वर तुला ते थट्टेचं पत्र पाठवलं. त्याची आता शिसारी येते.

काल प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की आणखी किती शाळांची पानं मी अशी उलटली. मला नक्की सांगता येईना. निबंध मागे घेतला आहे. शिक्षकांच्या यादीवर मात्र सही झाली, ती या वर्षी बदलणार नाही.

गुरुवारी प्रश्नपत्रिका घेऊन येतो. एकतीसही जण हवेत. हनियाच्या बापाचे पाय मी धरीन. तुझ्या मायेला अजून लायक असेन तर असू दे.

लसअद


ऐन लूज,
१५ फेब्रुवारी १९९९

चि. लसअद यास आशीर्वाद.

पाय धरायचं काम तुझं नाही, माझंच. मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला बापानं चहा पुढे केला आणि गुरुवारपुरती पाठवतो म्हणाला.

हनिया मागाजवळ बसली होती. तिनं खालमानेनंच विचारलं की आपल्याला अजून वाचता येत नाही, तरी गुरुवारी शाळेत आलेलं चालेल का. मी चालेल म्हणाले. मग तिनं आईकडे पाहिलं आणि तेच पुन्हा तिला विचारलं.

मन्नूबिया आत्या