वच्छलानं भरलेले तीन पेले

बावधन, पुणे
४ ऑगस्ट २०२५

ती. गोकुळभाऊ यांस,
कृष्णाचा सा. न. वि. वि.

उत्तराला पंधरा दिवस उशीर झाला, कारण नव्या कानयंत्राशी माझी झटापट चालू होती. आपल्या बिअर कंपनीच्या बॉटलिंग हॉलमध्ये एकतीस वर्षं काढली, तिथं गेलेले कान आता कुठल्या यंत्रानं परत येणार. फोनवर तुमचं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं मी चुकीचं ऐकतो. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी.

पत्रास कारण, ऑक्टोबर जवळ आला. इथल्या छोट्या ब्रुअरीत यंदाही ती जर्मन सणाची बिअर उतरणार आहे. तांबूस, माल्टची, तुमची लाडकी. तीन आठवडे मिळते आणि मग वर्षभर नाव नाही. तुम्ही तीन वर्षं आला नाहीत. तुमची बहीण पारू म्हणते, ती चार दिवस तिकडं वहिनींजवळ राहील आणि तुम्ही इकडं यावं. तुमचं उत्तर मला पाठ आहे. वहिनी आता फक्त तुम्हालाच ओळखतात, दुसरं कुणी घरात दिसलं की बावरतात. गेल्या खेपेला पारू आली, तर मागच्या दारानं निघून मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. सगळं कबूल. पण भाऊ, मागच्या पत्रात तुमचं अक्षर ओळीखाली घसरत होतं. तुम्ही दमलात, लिहायला लाजता एवढंच.

तुम्ही येत नाही तर बिअरनं तिकडं यावं. पण ती ऑक्टोबरची बाटलीत भरत नाहीत. म्हणून आमच्या ऋतुराजला हाताशी धरून तिची बारमाही मिळणारी चुलत भावंडं शोधली. फार वणवण झाली. जिथं जावं तिथं दुकानदार गव्हाची, संत्र्याच्या वासाची बिअर पुढं करतो, नाहीतर सरळ स्ट्राँग. शेवटी तीन सापडल्या. एक तांबूस व्हिएन्ना लागर, एक काळसर डुंकेल आणि एक फिकट हेलेस. ऋतुराज कामासाठी शेंद्र्याला येतोय, तो खोका पोचवेल. तुम्ही कंपनीच्या चव-पॅनेलवरचे माणूस. निकाल कळवा, जी पास होईल ती दरमहा पाठवू.

वच्छलावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच ठेवा आणि जेवण वेळेवर करा.

आपला,
कृष्णा

* * *

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२१ ऑगस्ट २०२५

श्री. कृष्णाराव यांस,
गोकुळचा स. न. वि. वि. चि. पारूस अ. उ. आ.

खोका पोचला. ऋतुराजला दारातूनच परत पाठवावं लागलं, त्यानं मनाला लावून घेऊ नये. आत घेतलं असतं आणि ही बिथरली असती, तर माझे पुढचे दोन दिवस गेले असते.

दमलो म्हणता, तर व्हय, दमलोय. पाचला उठायचं, हिची अंघोळ, हिची वेणी. वेणी मला आता तुमच्या पारूपेक्षा बरी घालता येते. मग फाटकाचं कुलूप पाहायचं, गॅसचं बटण पाहायचं, पुन्हा कुलूप पाहायचं. हिच्या परकराचं कापड आणायला गुलमंडीत जायचं म्हणतोय, त्याला दोन महिने झाले.

आता बिअर. हेलेस स्वच्छ आहे, पहिल्या घोटाला गोड लागते, पण पाहुण्यांसमोर बसलेल्या नव्या सुनेसारखी, अवाक्षर बोलत नाही. डुंकेल चांगली खरपूस, पण जरा जास्तच भाजलेली. व्हिएन्ना जवळची वाटली, फक्त शेवटी जिभेवर कडू होते आणि तिथंच राहते. पण हे सगळं मी लेबल वाचून लिहितोय. तुम्ही पॅनेलच्या खोलीत कधी आला नाहीत म्हणून सांगतो. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते. आम्हाला लाल दिव्याखाली बसवायचे, म्हणजे रंग कळू नये. ग्लास दुसऱ्यानंच भरायचे, कशात काय ते त्यालाच ठाऊक.

इथं दुसरं कोण आहे? हिलाच सांगितलं. हातात ओतायचं काही दिलं की ही शांत असते, दिवसभर या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात करते. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे तीन पेले घेतले. तीनदा समजावलं की एका पेल्यात एकच बाटली, आणि त्या बाटलीचं बूच त्या पेल्यापुढं ठेवायचं. मी गच्चीत जाऊन उभा राहिलो.

आलो तर तीन पेले ओळीत, अगदी सारखे भरलेले. पहिले दोन ठीक. तिसरा तोंडाला लावला आणि, कृष्णाराव, तीच. भाकरीचा पापुद्रा तव्यावर खरपूस होतो ना, ती चव, मागून मधासारखा गोडवा आणि कडूपणा नावापुरता. मी खुर्चीत बसलो. किती महिन्यांनी दोन मिनिटं मी कुलपाचा विचार केला नाही.

मग बूच पाहिलं. तिन्ही बुचं धुऊन पुसून खिडकीत मांडलेली. तिन्ही बाटल्यांमधलं थोडंथोडं गेलेलं. मी प्रत्येक बाटली पुन्हा चाखली, एकीतही ती चव नाही. हिला विचारलं, तर हिनं काहीतरी उत्तर दिलं, ते जाऊ द्या. एकंदर हिचं बरं आहे. मला ओळखते.

लोभ वाढवा असं लिहायची रीत आहे. आहे तेवढा टिकवा, मला पुष्कळ.

आपला,
गोकुळ

* * *

पुणे
२ सप्टेंबर २०२५

ती. गोकुळभाऊ यांस,
कृष्णाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पारूला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही तीस वर्षं पॅनेलवर, मी एकतीस वर्षं बाटल्यांत, आणि कोडं सोडवलं तिनं, तेही मेथी निवडता निवडता. तिचं म्हणणं, वहिनी कुणाच्या पुढ्यात कमी वाढतीलच कशा. तुमच्याकडं चहा देतानासुद्धा त्या कप डोळ्यांच्या रेषेत धरून बघायच्या, एकात बोटभर कमी दिसला तर दुसऱ्यातून ओतायच्या. तसंच केलं असणार. पेले सारखे करायला या बाटलीतलं त्यात, त्या बाटलीतलं यात. तुमची बिअर कुठल्याच बाटलीत नाही, वहिनींच्या हाताची आहे. ऋतुराजला विचारलं, तो म्हणाला की फिकट आणि काळी मिसळून पिणारे असतातच. तेव्हा प्रमाण शोधा, सगळा खोका पाठवत जाऊ. पॅनेलवर पारूला घ्यायला हवं होतं, कंपनी बुडाली नसती.

आता पारूचा निरोप, जसाच्या तसा लिही असं बजावून सांगितलाय. भावानं बिअरवर दोन पानं लिहिली आणि वहिनीवर एक ओळ. वहिनी काय म्हणाली ते जाऊ द्या म्हणून जात नाय. काय म्हणाली ते कळवावं. हे ती तीनदा म्हणाली, म्हणून मलाही ऐकू आलं.

बाकी क्षेम. माया कमी होऊ देऊ नका, उत्तरही टाळू नका.

आपला,
कृष्णा

* * *

पुंडलिकनगर
१४ सप्टेंबर २०२५

श्री. कृष्णाराव यांस स. न. वि. वि.
चि. पारूस अ. उ. आ.

पारूचं बरोबर निघालं. चार दिवस मापं घेऊन बसलो. दोन हिस्से हेलेस, एक हिस्सा डुंकेल, व्हिएन्ना चमचाभर. तंतोतंत नाही, पण डोळे मिटले तर ऑक्टोबर म्हणून चालेल. आता वर्षभर घरबसल्या मिळेल, पुण्याला यायची गरज नाही, एवढं लिहून पत्र संपवणार होतो. तसं एक पत्र लिहून पाकिटात घातलंही होतं. ते फाडलं.

पारू, त्या दिवशी मी तुझ्या वहिनीला विचारलं की तिसऱ्या पेल्यात कुठली बाटली ओतलीस. तिनं डोक्यावर पदर घेतला. बेचाळीस वर्षं ती माझ्यासमोर कधी पदर घेत नव्हती. म्हणाली की पाहुणे, सगळ्यांना सारखंच दिलंय, कमीजास्त नाय केलं. घरचे मालक कंपनीतून सहाला येतात, तोवर बसा. मी बसलो. दुसरं काय करणार. सहाला पुढच्या दारानं बाहेर गेलो, चपला घातल्या आणि बेल वाजवली. वाटलं, कामावरून आलेला माणूस ती ओळखेल. तिनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पदर घेतला.

हे त्याच दिवसाचं नाही. मे महिन्यापासून असंच आहे. प्रत्येक पत्रात मला ओळखते असं लिहीत होतो, ते खोटं होतं. माझ्यासमोर ती बावरत नाही, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. तिनं मला पाहुणा ठरवलंय आणि पाहुण्याचं ती सगळं नीट करते, एवढंच आहे. मला फार वाईट वाटतं. आणि मी इतका दमलोय की धड वाईटही वाटत नाही.

तेव्हा तुम्हाला न येण्याचं मी जे कारण सांगत होतो, ते आता उरलं नाही. पारू, तू तीन ऑक्टोबरला ये. मागच्या वेळी तू सरळ स्वयंपाकघरात शिरलीस आणि डबे उघडलेस, म्हणून ती घाबरली. या खेपेला बेल वाजव, पुढच्या खोलीत बस आणि चहा माग. चहा मागणाऱ्याला ती भीत नाही. मागच्या दाराला मी वर कडी लावून घेतलीय. वेणी सैल घाल, घट्ट झाली की हात झटकते.

कृष्णाराव, मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं निघेन. बिअर मिळाली नाही तरी चालेल, मला आधी झोपू द्या.

काल तिला सांगितलं की चार दिवस पुण्याला जाऊन येतो. ती म्हणाली, जावा पाहुणे, लई दिवस राहिलात, घरी तुमची बायको वाट बघत असंल.

येतो. लोभ असावा.

आपला,
गोकुळ