लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि चष्म्याचं दुकान

३ मार्च
ठरलं. टेस्ला कॉइल करायची. म्हणजे घरच्या घरी वीज कडाडवायची, चांगली हातभर लांब. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते ती काल म्हणाली, वीज चमकली की तिला फार आवडतं. माझ्याकडे बघून म्हणाली. दुकानात इतर गिऱ्हाइकंही होती, पण ती सगळी डोळे तपासायला आलेली, त्यांना बघून कोण बोलेल.
कॉइल गुंडाळणं किरकोळ आहे. खरा प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा, घरच्या व्होल्टचे हजारो करणारा. उद्या निवडून टाकतो.

५ मार्च
ताईचा मायक्रोवेव्ह उघडला. आत दणकट ट्रान्सफॉर्मर आहे. ताई म्हणाली, होता तसा लाव, नाहीतर तुलाच आत बसवून दार लावते. कॉलेज सोडलंस, उचापती तेवढ्या सोडल्या नाहीस, असंही म्हणाली.
मी कॉलेज सोडलेलं नाही. सर सगळ्यांदेखत म्हणाले की माझी जोडणी उलटी आहे, म्हणून मी बाहेर आलो. अजून आत गेलो नाही, इतकंच. रागावर आता पूर्ण ताबा आहे.
मायक्रोवेव्ह लावला. काही स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे घालतात.

६ मार्च
नेटवर वाचलं. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर करंट आवरत नाही, चुकून हात लागला की माणूस जागच्या जागी खलास. निऑन पाटीचा घ्यावा, तो करंट हाताबाहेर जाऊ देत नाही. मायक्रोवेव्हचा बेत मी आपणहून रद्द केला.

९ मार्च
निऑनचा नवा ट्रान्सफॉर्मर आणला. ठिणगी उडाली रे उडाली की स्वतःच बंद पडतो. भित्रा. दुकानदाराला झापलं. तो म्हणाला, नवे असेच येतात, करंट भलतीकडे गेला की सुरक्षेसाठी बंद होतात. जुना लोखंडी हवा तर कुठली जुनी पाटी उतरायची वाट बघ, आणि काउंटरवर हात आपटू नकोस, काच आहे.
वाट बघणं माझ्या रक्तात नाही.

१० मार्च
आपल्या भागात जुनी निऑन पाटी एकच उरलीय. तिच्याच दुकानावर. योग म्हणतात तो हाच.

१२ मार्च, सकाळ
दुकानाच्या मालककाकांना पटवलं. निऑनचा जमाना गेला, एलईडी लावा, बिल निम्मं येईल, पाटी बसवणारा मी आणतो. बदल्यात जुना ट्रान्सफॉर्मर माझा. ती म्हणाली, तिला जुनीच पाटी आवडते. मी म्हटलं, भावनेत अडकू नये. मग २२ तारखेला, रविवारी, घरी बोलावलं, एक गंमत दाखवायचीय म्हणून. ती म्हणाली, बघू.
म्हणजे येणार. यायचं नसतं तर सरळ नाही म्हणाली असती.

१४ मार्च
एलईडीवाला घेऊन गेलो. शिडी धरायला मला कुठला वेळ, ट्रान्सफॉर्मर घरी न्यायचा होता. मणाचं धूड. शिडी तिने धरली.

१७ मार्च
एलईडीवाला पुन्हा आला होता. एक अक्षर मंद आहे म्हणे. मला तर लख्ख दिसलं. कामाला चोख माणूस. माझी निवड चुकत नाही.

१९ मार्च
आजही आला होता. शिडी न घेता. बहुधा खालून तपासतो.

२१ मार्च
कॉइल चालली. वीज पडली, वीतभर, जांभळी. हातभर नाही, पण तिचा हात लहानच आहे. बाबा म्हणाले, टीव्हीला काय झालं. आई म्हणाली, कसला वास येतोय. या घरात विज्ञानाची कदर नाही. उद्या होईल.

२२ मार्च, रविवार
सकाळीच मालककाकांचा फोन. म्हणाले, तिने सुट्टी घेतलीय, एलईडीवाल्याबरोबर बाहेर जायचंय म्हणे. दुकानात कोणी नाही. तू तर रिकामाच असतोस, बसशील का.
रागाने फोन आपटला.
मग गेलो.
दिवसभर काउंटरवर बसलो. एक बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या. म्हणाल्या, नवी पाटी फार छान उठून दिसते हो, कोणाची कल्पना.
म्हटलं, माझीच.