दोन फुकट रात्री आणि एक आयता चहा

अंबरनाथ (पूर्व), बुधवार

ती. अच्युतदादा यांस हेमचंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची बहीण सुखरूप आहे, माझ्याच घरात आहे आणि माझ्याशी बोलते आहे. या बातमीला खुद्द मालिनीने आज दुपारी साडेतीन वाजता स्वयंपाकघरातून दुजोरा दिला (“हो, लिहा तसं,” एवढंच म्हणाली, पण स्वर चांगला होता). तीस वर्षं कारखान्यात रोजचा उत्पादन अहवाल पाच वाजायच्या आत लिहून द्यावा लागे, त्यामुळे मुख्य गोष्ट आधी आणि बाकीचं मागून, ही सवय अजून गेलेली नाही. आता बाकीचं. तुमचे गुडघे कसे आहेत? नाशिकला थंडी पडली असेल, तर पहाटेचं फिरणं थोडं उशिरा ठेवावं. वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघंही ठीक. माझी साखर जिथे होती तिथेच आहे, म्हणजे जास्त.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, की मालिनीला न्यायला गाडी घेऊन येऊ का. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि तुम्ही फोन ठेवलात. नंतर पाच वेळा लावला, तुम्ही उचलला नाहीत. बहिणीबद्दल तसं काही कानावर आल्यावर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र. तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे. मालिनी रविवारी दुपारी बॅग घेऊन घराबाहेर पडली हे खरं, फक्त तिच्याबरोबर दुसरी बॅग घेऊन मीही होतो, हे सांगणाऱ्यांनी गाळलं.

सगळं आमच्या पुष्करपासून सुरू झालं. त्याची कंपनी त्याला महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव फिरवते आणि एकाच साखळीतल्या हॉटेलांत उतरवते. तिथे राहून राहून त्याला त्या हॉटेलवाल्यांनी दोन रात्री फुकट दिल्या. (आमच्या वेळी कारखान्यात वीस वर्षं झाली की भिंतीवरचं घड्याळ द्यायचे, आणि ते आठ महिन्यांत बंद पडायचं.) पुष्करला म्हणे हॉटेलाचं तोंड बघवत नाही, म्हणून त्याने दोन्ही रात्री आमच्या नावावर केल्या. अट एवढीच, की त्या साखळीच्या कुठल्याही हॉटेलात, देशात कुठेही, या महिनाअखेरपर्यंत वापरायच्या. नाहीतर गेल्या. पुष्करचं म्हणणं, जिथली खोली सर्वात महाग तिथे जावं, तरच त्या रात्रीचं चीज होतं. त्याने उदयपूर सुचवलं. आमची राजसी कोल्हापूरहून म्हणाली की गोव्याला जा. मी नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसलो. मालिनीला काय हवं ते मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि हे मीच विचारलं, याची कृपया नोंद घ्यावी. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “मला कुठलंही गाव चालेल. मला एक सकाळ हवी. चहा दुसऱ्या कुणी तरी करून आणावा, आणि रिकामा कपही त्यांनीच उचलावा.”

दादा, लग्नाला सदतीस वर्षं झाली. मी हिशेब करून बघितला, अशी सकाळ तिला मिळालेली नाही. माझ्या घरी नाहीच, तुमच्याकडे आली की वहिनींच्या आधी उठून गॅस पेटवते, आणि राजसीच्या बाळंतपणात दवाखान्यातसुद्धा तिने शेजारच्या खाटेला चहा दिला होता. तेव्हा उद्देश ठरला. राहिलं ठिकाण.

आणि इथेच घोळ झाला. पुणं पहिल्यांदा खोडलं, कारण तिथे माझी आत्या. तिच्या नातवाच्या मुंजीला आम्ही लॉजवर उतरलो होतो, तर नऊ वर्षं ती आमच्याशी बोलली नव्हती. आत्ता कुठे बोलायला लागली आहे. कोल्हापूरला राजसीचं सासर. व्याह्यांच्या गावात जाऊन हॉटेलात राहायचं म्हणजे मुलीचा संसार पणाला लावायचा. नागपूरला माझा मावसभाऊ, गोव्याला म्हापशात भाचा, बडोद्याला मालिनीची मैत्रीण, जी नात्यापेक्षा कडक आहे. नाशिकवर तर मी पेन्सिलसुद्धा नेली नाही. तुमच्या गावात तुमच्या बहिणीने हॉटेलात झोपायचं, हे मी लिहितानाही इकडेतिकडे बघतो आहे. माणूस आयुष्यभर गोतावळा जमवतो, आणि मग कळतं की देशभरात आपल्याला भाड्याने झोपायला जागा उरली नाही. उदयपूर तेवढं स्वच्छ होतं. पण मी ते उल्हासनगर कॅम्प तीनच्या किशनचंदजवळ बोललो. (किशनचंद म्हणजे माझा जुना मित्र, त्याचं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. राजसीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांना त्याचेच टॉवेल दिले होते.) त्याच्या बहिणीचे दीर उदयपूरचेच निघाले. मी चहा संपवेपर्यंत त्याने त्यांना फोन केला, आणि ते आम्हाला स्टेशनवर हार घेऊन घ्यायला येणार, जेवायला-झोपायला त्यांच्याकडेच, असं ठरूनही गेलं. उदयपूर खोडलं.

शेवटी मालिनीनेच तोडगा काढला. जिथे आपलं घर आहे तिथे हॉटेलात राहिलं तर कुणाचा अपमान होणार? फार तर आपलाच. बदलापूरच्या रस्त्याला त्याच साखळीचं नवीन हॉटेल झालं आहे, आमच्या घरापासून अडीच किलोमीटर. पुष्करने फोनवर ते अंतर दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “बाबा, हे म्हणजे विमानाच्या तिकिटावर शेजारच्या शहाडला जाण्यासारखं आहे.” पण आईचा आवाज ऐकून त्याने मुकाट्याने एक रात्र रविवारची करून दिली.

रविवारी आम्ही निघालो. आमच्या नाक्यावरचा भूपेश शेअर रिक्षा चालवतो. गावातला आगरी मुलगा, भला आहे, पण नाक्यावरची प्रत्येक बातमी आधी त्याच्या रिक्षातून जाते. त्याने दोन बॅगा बघितल्या, आमचे चेहरे बघितले (मालिनीचा आनंदी होता, माझा बॅगेमुळे वाकडा झाला होता) आणि हॉटेलाच्या दारात उतरल्यावर पैसे घेईना. हळू आवाजात म्हणाला, “काका, घरान काय झायला तं सांगा. पोरां घेऊन येतू.” मी म्हटलं, अरे काही नाही, फुकट रात्र आहे. यावर त्याचा विश्वास बसला नाही. अडीच किलोमीटरवर घर असताना शहाणा माणूस बायकोला घेऊन हॉटेलात कशाला जाईल? तुमच्यापर्यंत जे आलं ते इथून निघालं, असा माझा अंदाज आहे. वाटेत ते विठ्ठलवाडीला मालिनीच्या भिशीतल्या बाईंकडे थांबलं असावं, कारण त्यात “रडत रडत” हा भाग तिथे जोडला गेला.

खोली उत्तम होती. पांढरीशुभ्र चादर, सहा उशा (सहाव्या उशीचं काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही), पाणी गरम करायची किटली, दोन कप आणि चहा, साखर, दूधपावडरच्या इवल्याशा पुड्या. खिडकीतून आमच्याच सोसायटीची पाण्याची टाकी दिसत होती. मालिनी पलंगावर पाय सोडून बसली आणि दहा मिनिटं नुसती बसली. तिला असं बसलेलं मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

आता माझी चूक. ती मी कुणावर ढकलणार नाही. आदल्या दिवशी खुशीत मी दोन-चार लोकांना सांगितलं होतं, की या एकदा खोली बघायला. आपल्याकडे नवीन घर घेतलं, नवीन गाडी घेतली, मूल झालं, की बोलावतोच ना. खोलीही आपली, निदान उद्या अकरापर्यंत. साडेचारला किशनचंद आला. आल्या आल्या चादरीचा कोपरा चिमटीत धरला, उजेडात बघितला आणि हळहळला, “साईं, माल चांगला आहे, पण हे लोक लुटले गेले. माझ्याकडे आले असते तर?” मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या भिमाबाई आल्या, दोन नातींना आणि भाकरीचा डबा घेऊन, कारण ताईंना बाहेरचं सोसत नाही. त्यांनी न्हाणीघर बघून सांगितलं की फरशी नीट घासत नाहीत, आणि ब्रश मागवला. सोसायटीचे सेक्रेटरी सहकुटुंब आले. त्यांच्या मागून लिफ्टमध्ये कुणीतरी भेटले तेही आले. सहा वाजता त्या खोलीत आम्ही धरून अकरा माणसं होती, आणि त्या सहा उशा पुरल्या नाहीत.

आणि आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायचं, हे तुमच्या बहिणीच्या हातून कधी होणार? त्या किटलीत एका वेळी दोन कप होतात. मालिनीने सहा वेळा किटली लावली. पुड्या संपल्या, तशी खोलीची व्यवस्था बघणारी पायल नावाची मुलगी आणून देऊ लागली. तिसऱ्या फेरीला मालिनीने तिला विचारलं, आलं मिळेल का. कप दोनच, म्हणून निम्मे लोक दात घासायच्या ग्लासातून प्यायले. सगळ्यांनी चहाची तारीफ केली. सेक्रेटरी म्हणाले, हॉटेलात इतका चांगला चहा मिळतो हे माहीत नव्हतं. मी मालिनीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळवर माझी भिस्त होती. पण साडेपाचला मला जाग आली तेव्हा मालिनीची बाजू रिकामी होती. तिने कप-ग्लास धुऊन पालथे घातले होते, किटली पुसली होती, टॉवेल घडी करून ठेवले होते, आणि माझी उठायची वाट बघत होती, कारण चादर काढायची राहिली होती. आठ वाजता पायल आली. खोलीभर नजर फिरवून तिने घाबरत विचारलं, की रात्री काही अडचण आली का, तुम्ही इथे झोपला नाहीत का. मालिनी म्हणाली, झोपलो की, तू बस, किती वाजल्यापासून उभी आहेस? आणि त्या मुलीला बसवून तिने चहा करून दिला. कपसुद्धा तिनेच उचलला. दादा, मी दारात उभा राहून हे बघत होतो आणि मला हसू येत होतं, आणि बरंही वाटत नव्हतं. एक सकाळ मागितली होती तिने, आणि मी तिला पाहुण्यांसकट दुसरं स्वयंपाकघर मिळवून दिलं.

घरी आलो तर भूपेशने पाठवलेली नाक्यावरची चार पोरं जिन्यात आमची वाट बघत बसली होती. त्यांनाही चहा झाला. सेक्रेटरींनी फ्लॅट विकता का म्हणून विचारलं. संध्याकाळी तुमचा फोन आला.

सारांश, बहीण सुखरूप आहे, घर विकलेलं नाही, जावई निर्दोष नाही पण सुधारण्यासारखा आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रागावला असाल तर पत्राने रागवा, फोनवर मला उत्तर देता येत नाही.

तुमचा,
हेमचंद्र

ता. क. दुसरी रात्र अजून शिल्लक आहे. तिच्यासाठी मी पूर्ण योजना आखली आहे. पुढच्या शनिवारी, तेच हॉटेल, कुणालाही सांगायचं नाही, किटली खोलीतून आधीच काढायला लावायची. तुम्ही दोघं त्याआधी इथे यावं आणि आमचं घर सांभाळावं, म्हणजे कुणी चौकशीला आलं तर दार उघडायला जबाबदार माणूस असेल. खरं सांगायचं तर पत्र मुख्यतः यासाठीच.

ता. क. २. वरची योजना रद्द. मालिनीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, किटली काढून उपयोग नाही, खोलीत मी असेन तर माझा चहा कुठूनतरी करावाच लागेल. त्यामुळे शनिवारी हॉटेलात ती आणि वहिनी जातील. तुम्ही आणि मी इथे. पुष्करने माझं नाव काढून वहिनींचं घातलंसुद्धा, आणि आता पहिल्यांदाच म्हणाला की रात्रीचं चीज झालं. तेव्हा माझी नम्र विनंती, येण्याआधी वहिनींना विचारून दोन माणसांच्या वरणाला डाळ किती आणि पाणी किती, कुकरच्या शिट्ट्या किती, हे कागदावर लिहून आणावं. मला विचारायची सोय नाही, इकडून सहकार्य मिळत नाही.

ता. क. ३. (मालिनीच्या हातचं) दादा, यांनी लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. वहिनीशी माझं सोमवारीच बोलणं झालंय, तुला सांगायचं राहिलं. तिने बॅग भरली आहे. भिमाबाईंना दोन दिवस सुट्टी दिली, भूपेशला सांगितलंय की आम्ही बदलापूरला लग्नाला चाललोय. शनिवारी दोन वाजता खोली मिळेल. रविवारी आठ वाजता पायल चहा आणणार, तिला तसं सांगून ठेवलंय आणि ती हो म्हणाली आहे. पाचला मला जाग येणारच. पण वहिनी म्हणते, तू हललीस तरी मी पांघरूण धरून ठेवीन.