वॉशिंग मशीनची मोटर

अहो,

मी भंगारवाल्याच्या गोदामात गेलेय. तुम्ही मोटरीचा पट्टा आणायला बाहेर पडलात आणि तो मागच्या दारी आला. जुन्या वॉशिंग मशीनमधून तुम्ही काढलेली मोटर पायरीवरच होती. "वहिनी, ही नेऊ का?" म्हणाला. माझा जप चालू होता आणि जप संपेपर्यंत मौन, मान हलवायचीसुद्धा नाही. तो समजला, होकार आहे. मोटर गाडीत टाकून तो निघाल्यावर मात्र मी ओरडले हो, अकरा वर्षांत पहिल्यांदा मौन मोडलं, पण तोवर गाडी वळली होती.

दुपारी ते तांब्यासाठी मोटरी फोडतात म्हणे, म्हणून थांबले नाही. मामंजींच्या जुन्या लेथ मशीनला तीच बसते, ठाऊक आहे मला. तुमच्या निळ्या खडूच्या खुणेवरून ओळखेन. जेवण झाकून ठेवलंय.

कारखाना बंद झाल्यापासून तुम्ही हूं का चूं करत नाही. काल मोटर फिरली तेव्हा मात्र "ऐक गं, काय गोड चालतेय!" म्हणालात. ती नाहीच मिळाली तर रागवा, हवं ते बोला. या घरात मौन माझं एकटीचं पुरे आहे.